कानशिलावरची मुंगी

"घ्या हो, एक तरी घ्या. लग्नघरात नाही म्हणू नये."

श्रीनिवास उपळेकर, म्हणजे माझा जुना दोस्त अण्णा, पंगती वाढताना जन्मभर हेच वाक्य म्हणत आला. त्या दिवशी मात्र तो ते रिकाम्या पाटाला म्हणत होता. पाटापुढं केळीचं पान, पानावर जिलब्यांचा ढीग, आणि पाटावर चिटपाखरू नाही. अण्णा कमरेत वाकलेला, आग्रहाला रंग चढलेला.

"एवढा तांबडा फेटा बांधून आलात आणि जेवायला लाजता होय?"

पंगत आधी हसली. म्हातारा मजेत आलाय, असंच वाटलं सगळ्यांना. मग नवरदेवाच्या आत्यानं हातातला घास पानात ठेवला आणि शेजारणीचा दंड घट्ट धरला. हसू विझलं. अण्णा ताट घेऊन पुढं सरकला आणि पुढच्या रिकाम्या पानावरही दोन जिलब्या ठेवून गेला.

ही गोष्ट खरी आहे. खोट्या गोष्टी मी जेवणानंतर सांगतो, सुपारी कातरत.

आमच्या मिरजेतल्या मंगल कार्यालयांत तेव्हा वाढपी म्हणून माणूस उरला नव्हता. छताला रूळ आणि रुळावरून सरकणारे पोलादी हात. तुम्ही मान हलवली की भात, तळहात दाखवला की थांब. आग्रहाचं बटणही होतं त्यांना, आणि ते दाबलं की यंत्र एका बाईच्या गोड आवाजात तीनदा "अजून एक" म्हणायचं. पण माणसाची हौस उफराटी. जसजसे हे हात वाढले तसतशी माणसानं वाढलेल्या पंगतीची ओढही वाढली. लोक अण्णाच्या तारखा बघून मुहूर्त काढायला लागले. भटजी कुरकुरायचे, पण पंचांग वाकवायचे.

अण्णाचा पंगतीचा कायदा एकच. पानावर बसलेल्याला ओलांडून जायचं नाही. राजा असो नाहीतर बिनबोलावता घुसलेला असो. खून केलेल्या माणसाला एकवेळ जामीन मिळावा, पण पंगतीत कुणाला टाकून पुढं जाणाऱ्याला मिळू नये, असं त्याचं मत होतं.

पंगत उठल्यावर त्याची मुलगी केतकी त्याला कोठीघरात घेऊन गेली, मीही मागोमाग गेलो. धंदा ती सांभाळायची. तिला एका जागी उभं राहता येत नव्हतं. पातेल्याचं झाकण उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

"अण्णा, त्या पानावर कोण होतं?"

"फेटेवाला."

"कुठला फेटेवाला?"

"मला काय माहीत? मुलाकडचा असेल. शेजारी हिरव्या लुगड्यातली बाई होती. ती तर मान वर करीना. आणि ती पोरं कुणाची गं? एवढे मोठे दात."

केतकीनं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याच्या पिंपाकडं बघितलं.

संध्याकाळपर्यंत रिकाम्या पाटाला आग्रह करणारा अण्णा घरोघरी पोचला. अर्ध्या मिरजेनं भूत ठरवलं, उरलेल्या अर्ध्यानं वेड. एक गृहस्थ तर वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी त्याला ठरवायला आले. वडील येऊन जेवतील का, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि आलेच तर कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय ते विचारायचं होतं.

"शरयूचं लग्न तोंडावर आलंय," केतकी म्हणाली. शरयू तिची मुलगी, अण्णाची एकुलती नात. "तिच्या पंगतीत असं झालं तर?"

"नातीच्या लग्नात मीच वाढणार."

"आधी तपासून घ्या. नाहीतर पळी माझ्याकडं द्या."

अण्णानं पळी छातीशी धरली. खरंच धरली, लहान मूल खेळणं धरतं तशी.  त्या घटकेपासून तो बसला की बोटं मांडीवर मीठ वाढायची.

*

डॉक्टर तबस्सुम मुजावर डोळा आणि मेंदू यांच्या मधल्या रस्त्याच्या जाणकार. अण्णाला त्यांच्याकडं न्यायला मी बरोबर गेलो, कारण मुलीबरोबर जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं त्याला वाटत होतं. तरी केतकी आलीच, मागून, स्कूटरवर.

"दिसणारी माणसं ओळखीची असतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"बोलतात?"

"शब्द नाही. तोऱ्यात असतात. कपडे मात्र झकपक, दसऱ्याला निघाल्यासारखे."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी एक शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर चढवलं आणि आम्हाला हलू नका म्हणाल्या. अण्णाला स्वस्थ बसवणं हीच त्या तपासणीतली अवघड गोष्ट होती.

मला समजलं तेवढं सांगतो. नसलेलं दिसण्याला पन्नास कारणं असतात. औषधाचा विषार, ताप, फेफरं, झोपेचा तुकडा जागेपणी घुसणं, मेंदूत एका प्रथिनाच्या गाठी साचणं. पूर्वी हे एकमेकांपासून वेगळं काढता काढता दिवस जायचे आणि तोवर माणूस वेडा ठरून मोकळा व्हायचा. हे शिरस्त्राण आलं आणि चित्राचा माग काढता येऊ लागला. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलल्या की चुंबकत्वाची अगदी क्षीण लहर उठते. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढं ती म्हणजे ढोलताशांपुढं डास. शिरस्त्राण तो डास ऐकतं. समोर खरी वस्तू असली की लहर डोक्याच्या मागच्या भागातून उठून पुढं येते. भास असला की उलटा प्रवास. आतून, आठवणींकडून निघते आणि मागं जाते.

डॉक्टरांनी अण्णाला हे त्याच्या भाषेत सांगितलं.

"डोळा स्वैपाक करत नाही, अण्णा. तो नुसता बाजार करून आणतो. उजेड, सावली, रंग, कडा. पिशवी मेंदूच्या मागच्या दारात टाकतो. चित्र शिजतं ते आत. तुम्ही मला आत्ता बघताय ना, ते तुमच्या मेंदूनं वाढलेलं ताट आहे."

"मीठ बेतशीर आहे," अण्णा म्हणाला.

"आता बाजारातून पिशवी यायचीच थांबली, तर चांगला आचारी काय करतो? पाहुण्यांना उपाशी ठेवतो?"

"छे! कोठीत असेल त्याचं करतो."

"तुमचा मेंदूही छेच म्हणतोय. तुमच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं धुक्यात. तिथं काहीच येत नाही म्हणून मेंदू कोठीतलं काढून वाढतो. फेटे, लुगडी, दात. वेड नाही हे. मेंदू ठणठणीत आहे, जरा जास्तच कामसू आहे."

केतकी मटकन खाली बसली. आठवडाभरात पहिल्यांदा बसलेली दिसली मला.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "बिघाड डोळ्यात आहे, म्हणून ही माणसं मुकी आहेत. ज्या दिवशी एखादा भास तुमच्याशी बोलेल, त्या दिवशी असाल तसे उठून माझ्याकडं या. मग तो दुसरा आजार, मेंदूचा. तेव्हा पळी, चूल, एकट्यानं रस्ता ओलांडणं, सगळं बंद."

"आणि तोवर?" अण्णानं विचारलं.

तोवरसाठी त्या शिरस्त्राणाचं पिल्लू होतं. टोपीखाली लपेल एवढी पट्टी. नजर कुठं आहे ते चष्म्याच्या दांडीवरचा एक ठिपका टिपायचा, तिथलं चित्र आतून आलं असेल तर पट्टी उजव्या कानशिलावर थरथरायची. अण्णानं तिला मुंगी नाव दिलं. माणसं ओळखणारे कॅमेऱ्याचे चष्मेही बाजारात होते, पण चेहरे चोरून खोट्या चित्रफिती बनवणाऱ्यांचा सुळसुळाट झाल्यापासून ते कार्यालयात न्यायला बंदी होती. मुंगी कुणाला दिसत नव्हती, त्यामुळं अण्णाला ती पसंत पडली.

"ती चित्र कुठं शिजलं एवढंच सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "पाटावर माणूस आहे की नाही, हे तिला कळत नाही."

"म्हणजे तेच की," केतकी म्हणाली.

"तेच नाही. समजा..."

पण अण्णा आरशापुढं टोपी नीट करत होता आणि केतकी पैसे कुठं भरायचे ते विचारत होती. त्यांना हवं ते ऐकून झालं होतं.

*

मुंगीनं कमाल केली. एका बारशात आणि दोन मुंजींत अण्णाचं एक पान चुकलं नाही. मुंगी चालली की तो पाय उचलायचा आणि पुढं जायचा. पण मी जवळून बघत होतो. पुढं जाताना तो पुटपुटायचा.

"काय म्हणतोस रे त्यांना?"

"माफ करा म्हणतो."

"कुणाला? नाहीत ते."

"बापू, तू बाजाच्या पेट्यांचे सूर लावणारा माणूस. तुला नाही कळायचं. तो फेटेवाला आशेनं बसलेला असतो. मी त्याच्या पानावरून मिठाचं बोट नेतो आणि टेकवत नाही." त्यानं हात चोळले. "जन्मात असं केलं नव्हतं रे. फक्त एकदा."

ते एकदा मला ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ धनंजय, धन्या. दोघं मिळून धंदा करायचे. वीसेक वर्षांपूर्वी धन्या म्हणाला, लोकांना बसायला वेळ नाही, आपण बुफे सुरू करू. अण्णा म्हणाला, माणसांच्या हातात ताट देऊन रांगेत उभं करायला हा काय तुरुंग आहे? शब्द वाढले. त्या दिवशी घरच्या जेवणात अण्णानं धन्याचं पान टाकून पुढचं वाढलं. धन्या उठला, पुण्याला गेला, तिथं बुफेवर चार मजले उठवले. परत आला नाही.

लग्नाच्या तयारीत शरयूनं मला हळूच विचारलं, "बापूआजोबा, धनूआजोबा कुठं राहतात?" मी पत्ता दिला. देऊ नको असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी केतकीनं बापाची टोपी नीट केली. "अण्णा, आज मुंगी म्हणेल तेच. एक पान चुकलं तर पळी माझ्याकडं. शब्द द्या."

अण्णानं शब्द दिला.

*

पंगत बसली. मी आपला रांगेच्या मध्यावर, तिथं जिलबी गरम मिळते. समोरच्या रांगेत डॉक्टर मुजावर. माझ्या डाव्या हाताला एक गोटा टकलाचा, गुळगुळीत तोंडाचा म्हातारा येऊन बसला आणि पानावर पाणी शिंपडता शिंपडता घसा खाकरला. एक लांब, दोन आखूड. ती खाकर मी हजारात ओळखली असती.

"धन्या?"

"गप बस. शरयूनं बोलावलंय. बघू, तो ओळखतो का."

अण्णा मीठ घेऊन निघाला. काय सांगू, वाढत नव्हता, नाचत होता. धन्यानं पुन्हा खाकरलं. अण्णाचं पाऊल थबकलं. तो आमच्याकडं वळला, धन्याच्या तोंडाकडं रोखून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता मिठी मारतोय. मग त्याची बोटं उजव्या कानशिलाकडं गेली. चेहरा विझला. त्यानं पाय उचलला, धन्याचं पान ओलांडलं, आणि मीठ माझ्या पानावर टेकवलं.

आमच्या आजूबाजूचं बोलणं थांबलं. जुनं भांडण माहीत नसलेला माणूस त्या रांगेत नव्हता. सगळ्यांना वाटलं, सूड. मलाही. वीस वर्षांनी आलेल्या भावाला पुन्हा टाकलं! लिंबू आलं, चटणी आली, कोशिंबीर, भाजी. प्रत्येक फेरीला धन्याचं पान कोरं. तोही उपळेकरच. पंगतीतून उठला तर नातीच्या लग्नाला गालबोट लागेल म्हणून मांडीवर हात ठेवून ताठ बसून राहिला. त्याच्या पानावरचं शिंपडलेलं पाणी वाळत चाललं होतं. दारातून केतकी बघत होती. तिच्या हातात तुपाचं भांडं.

भाताची फेरी आली. या वेळी अण्णा धन्यापुढं थांबला. वाकला. इतक्या हळू बोलला की शेजारी मी नसतो तर हे तुम्हाला कधी कळलं नसतं.

"धन्या, लेका, मिशा अजून काळ्याभोर ठेवल्यास होय? बरा दिसतोस. रोज परके येऊन बसायचे, आज तू आलास. पण मुंगी चावतेय रे. म्हणजे तू नाहीस. तुला वाढलं तर केतकी पळी काढून घेईल, मी शब्द दिलाय. समजून घे. खरा आला असतास तर मीठ तुझ्यापासून सुरू केलं असतं. बुफेचं तुझंही काही चुकलं नव्हतं. पान टाकलं ते माझं चुकलं. खऱ्या धन्याला सांगायला तोंड नाही, म्हणून तुला सांगतो."

धन्याची हनुवटी हलायला लागली होती. 

"मिशा काढून दहा वर्षं झाली," तो म्हणाला. "भूक लागलीय. वाढ."

अण्णा सरळ झाला. तोंडावरचं रक्त उतरलं. मुंगी चालूच होती, कारण त्याचा हात कानशिलावरून हटेना. भास बोलला होता. डॉक्टरांनी सांगितलेला तो दिवस हाच. आता पळी, चूल, रस्ता, सगळं बंद, आणि तेही आज, शरयूच्या पंगतीत.

"अण्णा, अरे हा..." मी सुरुवात केली.

"गप बापू!" तो केवढ्यानं ओरडला. सगळी पंगत वळली. "कुणी काही सांगू नका. पानावरचा माणूस भूक लागली म्हणतोय, आणि मी त्याची चौकशी करू? तू आहेस का, नाहीस का?" तो दाराकडं वळला. "केतकी, पळी घे नंतर. मीठ आणा. पहिलं मीठ!"

मीठ आलं. त्यानं धन्याच्या पानावर डोक्याशी मीठ टेकवलं. लिंबू, चटणी, कोशिंबीर, जागच्या जागी, एका बोटाचीही चूक नाही.  भाताची मूद पडली. दुसरी पडली. तिसरीला पानावर आडवा हात आला.

"पुरे."

आणि त्या हातानं अण्णाचं मनगट धरलं.

गरम हात होता. अण्णानं मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, जिथून त्याला अजून नीट दिसायचं. टक्कल दिसलं. गुळगुळीत ओठ दिसला. त्यावरून ओघळणारं पाणीही दिसलं असणार.

"केस कुठं गेले रे तुझे?"

"तुझी वाट बघण्यात."

समोरच्या रांगेतून डॉक्टर अर्ध्या उठल्या होत्या. "अण्णा, घाबरू नका! कानांनी खाकर ऐकली. डोळ्याला धुक्यातला माणूस मिळाला नाही. मेंदूनं कोठीतला जुना धन्या काढून वाढला, शिळा. मुंगी खोटं बोलली नाही, चित्र आतलंच होतं. माणूस बाहेरचा होता. मी हेच सांगत होते त्या दिवशी."

"मग ऐकवलं का नाही जोरात?" अण्णा म्हणाला. पंगत हसली. 

अण्णानं डोळे पुसले आणि भाताचं भांडं घेऊन पुढं निघाला. मला वाटलं, संपलं. रांगेच्या टोकाला एक पान रिकामं होतं, कुणीतरी पाहुणे यायचे राहिले होते. अण्णा तिथं आला आणि थांबला. त्याचा हात पुन्हा कानशिलाकडं गेला. आम्हाला पाट दिसत होता. त्याला कोण दिसत होतं ते आम्हाला कळलं.

हसू थांबलं. अण्णा त्या पानाकडं बघेना, तो दाराकडं बघू लागला, लेकीकडं. केतकी तुपाचं भांडं घेऊन तरातरा चालत आली. टोकापर्यंत आली. बापाच्या मागं उभी राहिली.

अण्णानं टोपी काढली. पट्टी काढून खिशात टाकली. टोपी पुन्हा घातली, आणि भाताची मूद त्या पानावर ठेवली, अलगद, काठ न मोडता.

केतकी त्या भाताकडं बघत राहिली. मग वाकली आणि मुदीवर तूप सोडलं. जरा सढळच सोडलं.

"फेटेवाला का?" तिनं हळूच विचारलं.

"आज फेटा गुलाबी आहे," अण्णा म्हणाला. "लग्नाचा."

"हर हर महादेव" झालं आणि पंगत जेवायला लागली. धन्यानं वीस वर्षांची कसर भरून काढली, अण्णा त्याच्यापुढून हलेना. टोकाच्या पानावर मठ्ठा गेला, जिलबी गेली, आग्रहही झाला. त्या जिलब्यांचं पुढं काय झालं, हे मात्र मला विचारू नका. पंगत उठता उठता त्या पाटाशेजारी मी बसलेला कुणाला दिसलो असेन, तर त्यानं आधी आपले डोळे तपासून घ्यावेत.